नव्या पाळकाने मोबाईल, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब रोजच्या सेवेत कसं वापरावं?

प्रश्न थोडक्यात असा: नवापूर तालुक्यात नुकतीच मंडळी हाती घेतली आहे. निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, वरच्या गावांत रेंज नसते, आणि तरुण संघाला दर रविवारी यूट्यूब लाइव्ह हवं आहे. फोनचा वापर कसा लावावा?

सलाम पास्टर. लाइव्हचं मागाहून बघू, त्यात वेळ सगळ्यात जास्त जातो आणि हाती सगळ्यात कमी लागतं. आधी तुमचा फोन नीट करा. त्यात कोणाचा रिपोर्ट काय आला, कोणाचं घरात पटत नाही, कोणाचा पोरगा कुठे अडकला, हे सगळं असतं. तोच फोन घरी मुलांच्या हातात गेम खेळायला जात असेल तर पुढचं सगळं फुकट.

मंडळीसाठी वेगळं सिम घ्या. दुसऱ्या हँडसेटची गरज नाही. अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन नंबरांची दोन खाती चालतात. दोन्ही खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि व्हॉट्सअ‍ॅपला बोटाच्या ठशाचं कुलूप घाला. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. घरसभेत फोन मध्ये चटईवर ठेवलेला असतो आणि नेमका तेव्हाच "पास्टर, तो आज परत पिऊन आला" असा मेसेज उजळतो. शेजारी त्याचीच आई बसलेली असते. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आपोआप एन्क्रिप्ट होत नाही, ते चॅट बॅकअपमध्ये जाऊन चालू करावं लागतं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड आणि फोन दोन्ही गेले तर तो बॅकअप उघडत नाही.

रात्रीच्या फोनचा प्रश्न प्रत्येक पाळकाला पडतो. फोन बंद केला तर मयताचा निरोप सकाळी कळतो, चालू ठेवला तर झोप नाही. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये 'रिपीट कॉलर्स' चालू करा. अँड्रॉइडवर त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसरा फोन आला तर घंटी वाजते. उपासनेनंतर जाहीर सांगून टाका: रात्री दहानंतर अडचण असेल तर लागोपाठ दोनदा लावा.

आता ग्रुप. सूचनांचा ग्रुप एकच ठेवा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करा, नाहीतर सकाळी सहापासून फुलांचे फोटो सुरू होतात आणि मयताची वेळ त्यात बुडून जाते. ब्रॉडकास्ट लिस्ट घ्यायची तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या: एका लिस्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जण, आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला निरोप पोहोचतच नाही. "पास्टर, मला कळवलंच नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. मंडळीबाहेरच्या माणसांना वचन पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच चॅनेल सुरू करा. तिथे फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मोठ्या ग्रुपमध्ये तरुण मुलींचे नंबर सगळ्यांसमोर उघडे पडतात, हे वडीलधाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

प्रार्थना विनंत्यांवर सगळ्यात कडक राहा. ग्रुपमध्ये नाव, गाव आणि आजार तिन्ही एकत्र कधीच नकोत. "आपल्या एका बहिणीचं उद्या ऑपरेशन आहे" एवढ्यावर प्रार्थना होते. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्या माणसाच्या संमतीशिवाय ती गोष्ट उघड करता येत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, ते पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ते प्रार्थनेत ठेवून मिटवता येत नाही आणि मुलाची ओळख पटेल असं काही लिहिता येत नाही. बाप्तिस्म्याचे फोटो फेसबुकवर टाकायची घाई नको. फोटो तुमच्या पेजवर राहतो, त्याचं ओझं मात्र त्या माणसाला त्याच्या घरात आणि गावात वाहावं लागतं. "प्रार्थनेने बरा झालो, गोळ्या बंद केल्या" अशी साक्ष तर अजिबात टाकू नका. बरं वाटल्याचा आनंद मंडळीत सांगू द्या. गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील.

इकडे आणखी एक गोष्ट शहरातल्या पाळकांना सुचत नाही: घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो बहुधा पोराकडे असतो. एखाद्या बाईला समजुतीचा व्हॉइस मेसेज पाठवलात तर तो आधी सासू ऐकते. म्हणून खासगी काहीही पाठवू नका. फोन लावा, "आत्ता बोलता येईल का?" विचारा, नाही म्हटलं की विषय हवापाण्यावर न्या. मुला-मुलींना एकट्याने मेसेज करू नका, आई किंवा वडील त्या ग्रुपमध्ये हवेतच.

ऊसतोडीला बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या कुटुंबांसाठी दसऱ्यानंतर लगेच एक वही करा. कुटुंबाचं नाव, कोणती टोळी, मुकादमाचा नंबर, पडाव कुठे, आणि घरी मागे कोण राहिलं. माणसं तिकडे गेल्यावर सिम बदलतात, रिचार्ज संपतो. मुकादमाचा फोन मात्र लागतो. पहाटे कोयता सुरू होतो, रात्री गाडी भरायची असते, त्यामुळे त्यांना तुमची रविवारची दहाची वेळ कधीच जमणार नाही. रेकॉर्ड केलेला आवाज सोयीने ऐकता येतो.

हिशोब साधा आहे. वीस मिनिटांचा संदेश ३२ केबीपीएस मोनो एमपी३ केला तर साधारण पाच एमबी होतो. तोच २.५ एमबीपीएसच्या व्हिडिओत ३७५ एमबीच्या आसपास जातो. दिवसाचा दीड जीबी डेटा चौघांत वाटणारं घर तुमचा व्हिडिओ उघडणार नाही. रेकॉर्डिंग फोनच्या साध्या रेकॉर्डरवर, माईक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो. घरात गोधड्यांच्या ढिगाशेजारी बसा, फरक लगेच कळेल. मावची, भिली, पावरी, अहिराणी, ज्या बोलीत माणूस घरी बोलतो त्या बोलीत सांगा, शास्त्रपाठ मराठीत वाचा.

धडगाव, तोरणमाळकडच्या रेंज नसलेल्या पाड्यांसाठी मेमरी कार्ड. बटणाचा फोन बहुतेक ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घेतो आणि ते एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं लागतं. ६४ जीबीचं स्वस्त मिळालं म्हणून आणाल तर "कार्ड नाही" असं दाखवतो. फाइलला देवनागरी नाव दिलं तर अशा फोनवर नुसत्या चौकोनी डब्या दिसतात. ०१, ०२, ०३ असे इंग्रजी आकडे द्या आणि पहिल्या फाइलमध्ये स्वतःच्या आवाजात यादी वाचून दाखवा. गाण्यांचं जरा सांभाळून: ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले, लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं कधीच सरली, त्यामुळे त्यांची पदं तुमच्या मंडळीने गाऊन रेकॉर्ड करायला हरकत नाही. कोणाचं तरी तयार रेकॉर्डिंग कॉपी करणं ही वेगळी गोष्ट.

लाइव्ह करायचंच असेल तर महिन्यातून एकदा. चॅनेलवर लाइव्ह पहिल्यांदा चालू केलं की २४ तास थांबावं लागतं आणि मोबाईलवरून करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, म्हणून नाताळच्या आदल्या रात्री सुरुवात करू नका. लाइव्हच्या फोनमधलं सिम काढा आणि दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवा, नाहीतर मधेच कॉल आला की आवाज तुटतो. मिक्सरमधून आवाज घेताना साधी तीन भागांची (मध्ये दोन पट्ट्या असलेली) पिन फोन माईक म्हणून ओळखत नाही, चार भागांची (तीन पट्ट्यांची) लागते. त्यातही मिक्सरचा लाइन आवाज फोनच्या माईकला झेपत नाही, फाटतो. आवाज उतरवणारी केबल किंवा छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली फोन तापून स्वतःच बंद पडतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावून लाइव्ह करू नका, फोनवर पंखा सोडा.

अर्पणाचा क्यूआर तुमच्या नावाचा नको, ट्रस्टच्या खात्याचा हवा. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी वर्षाअखेरीस हिशोबाच्या वेळी संशय येतो आणि आयकरालाही उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. व्हिडिओ पाहून परदेशातल्या कोणी "मंडळीसाठी पाठवतो" म्हटलं तर स्वतःच्या खात्यात घेऊ नका. परदेशी देणगीला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

पाळकाकडे लग्नपत्रिका खूप येतात, हे भामट्यांनाही ठाऊक आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' (apk) दिसलं तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये घुसणारं अ‍ॅप आहे, हात लावू नका. चुकून इन्स्टॉल झालंच तर आधी फ्लाइट मोड, मग ते अ‍ॅप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, आणि ग्रुपमध्ये कोणाकडून तरी निरोप टाका, कारण तीच पत्रिका आता तुमच्या नावाने सगळ्यांना गेलेली असते. "पास्टर अडचणीत आहेत, पैसे पाठवा" अशी फेसबुकवर खोटी प्रोफाइल निघतात तीही तुमच्याच मित्रयादीवरून. यादी लपवा, प्रोफाइल लॉक करा.

शेवटचं, बदलीचं. ग्रुप, चॅनेल, फेसबुक पेज या सगळ्यांवर तुमच्याखेरीज कमिटीतले आणखी दोघे आजच अ‍ॅडमिन करा. यूट्यूब चॅनेल तुमच्या खासगी जीमेलवर काढू नका, मंडळीच्या मेलवर काढा. मंडळीचं सिम ज्याच्या आधारवर आहे तो माणूस गावात राहणारा असू द्या, आणि नंबर पुढच्या पाळकाला देण्याआधी त्यातले चॅट व बॅकअप दोन्ही पुसून टाका.