लघुग्रह की धूमकेतू?

प्रश्न : सूर्यापासून फार दूर असलेला, लघुग्रहासारखा ठिपका धूमकेतू आहे हे शेपटी नसताना कसं ओळखायचं?

उत्तर : शेपटीची वाट पाहू नका, ठिपक्याची रुंदी मोजा. पाच-पाच मिनिटांच्या दहा-बारा प्रतिमा घ्या. वीस खगोलीय एककांवरची (पृथ्वी-सूर्य अंतराच्या वीसपट दूरची) वस्तू तासाला सहाएक आर्कसेकंदच (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते, त्यामुळे एका प्रतिमेत ती ओघळत नाही. मग त्याच प्रतिमांची दोनदा बेरीज करा : एकदा तारे जुळवून, एकदा वस्तू जुळवून. पहिल्या बेरजेत ताऱ्याची, दुसरीत वस्तूची अर्ध्या तेजावरची रुंदी मोजा, म्हणजे ठिपक्याचं तेज मधल्या तेजाच्या निम्मं होतं तिथली रुंदी. तारा ३ आर्कसेकंद आणि वस्तू ४ भरली, तर भोवती धूळ असण्याची, म्हणजे तो धूमकेतू असण्याची, दाट शक्यता. फोकस बिघडला असेल तर दोन्ही सारखेच फुगतात, म्हणून तुलना त्याच रात्रीच्या, तितक्याच तेजाच्या ताऱ्यांशी हवी.

खरा घात करते ती मागची अंधुक दीर्घिका. दुसऱ्या रात्री वस्तू पुढे सरकल्यावर पुन्हा मोजा. फुगवटा सोबत आला तरच तो तिचा.

आणि चिकाटी ठेवा! शनीपलीकडे फिरणारा कायरन १९७७ मध्ये सापडला तेव्हा लघुग्रहच वाटला; त्याचा धूसर परिवेष (भोवतीचं वायू-धुळीचं आवरण) १९८९ मध्ये दिसला.