नात्यातलीच माणसं, मग दडपण कसलं?

"आत्या आहे हो तिची, परकी नाही कुणी. तिच्याकडे पेसाहला जायचं तर या मुलीला दडपण कसलं आलंय?" ठाण्यातल्या एका आईने मला फोनवर हे विचारलं. मी समुपदेशक आहे, आणि परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न सतत येतो. सण बदलतो, गाव बदलतं, प्रश्न तोच. मुलांच्या बाजूने विचारलं तर तोच प्रश्न उलटा असतो: जेमतेम ओळखीच्या नातेवाइकांकडे सणाला जाऊ की हॉस्टेलवरच राहू?

मुलीला इथे शरोन म्हणूया. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. वय बावीस. विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या कार्यक्रमावर ती इस्रायलला बेर शेव्हात राहत होती. आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण, दिमोनात. दोन गावांत अंतर पस्तीसेक किलोमीटर. दिमोनात भारतीय ज्यूंची मोठी वस्ती आहे, बाजारात मराठी कानावर पडतं. आईच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

पेसाह म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाली त्याची आठवण. पहिल्या रात्री घरातले सगळे एकत्र बसून हगादा, म्हणजे त्या सुटकेची कथा सांगणारं पुस्तक, वाचतात, त्या बैठकीला सेदेर म्हणतात. सणभर गव्हासारखं आंबवलेलं धान्य आणि त्याचे पदार्थ घरात ठेवायचे नाहीत. पाव, बिस्किटं, नूडल्स सगळं बाहेर. भारतात सण आठ दिवसांचा आणि सेदेर दोन रात्री. इस्रायलमध्ये दिवस सात आणि सेदेर एकच.

शरोनशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "मला जायचंय, पण जायच्या विचाराने पोटात गोळा येतो." असं कुणी म्हटलं की मी लगेच 'मग जा' किंवा 'मग नको जाऊ' म्हणत नाही. मी तिला घरच्या पेसाहबद्दल विचारलं. तिला वाटलं मी विषय बदलतेय.

मग ती बराच वेळ बोलली. सणाच्या आधी घर धुऊन काढणं. आजीच्या लहानपणी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत, त्याच्या गोष्टी. खजुराचा गोड रस तासन्‌तास आटवणं. वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं शरबत. आठवडाभर तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण. आजोबा हिब्रू वाचायचे आणि मधेच थांबून मराठीत सांगायचे. त्यांच्याकडे पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हगादाच्या पानांच्या प्रती होत्या. त्यातल्या एका चित्रात साड्या नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. ते चित्र तिने मला स्क्रीनवर दाखवलं आणि रडायला लागली.

पोटातल्या गोळ्यातला मोठा भाग आत्याचा नव्हताच. तो ठाण्याच्या घराचा होता. आजोबा मागच्याच वर्षी गेले होते आणि त्यांच्याशिवायचा हा पहिला पेसाह. आईने मला हे सांगितलं नव्हतं. बहुधा तिलाही त्याबद्दल बोलणं जड जात असावं. नातेवाइकांकडे सणाला जाणाऱ्या मुलांच्या मनात नकळत एक अपेक्षा असते की तिथे आपलं घर सापडेल. तिथे सापडतं ते दुसऱ्या कुणाचं तरी घर, आणि मग त्या बिचाऱ्या माणसांवर राग येतो. हे आधीच कळलं असेल तर निम्मा त्रास टळतो, म्हणून मी तिला स्पष्ट म्हटलं, "आजोबांचा सेदेर दिमोनात होणार नाही. आत्याचा होईल."

उरलेला गोळा मात्र आत्याचाच होता. फोनवर आत्या म्हणाली होती, "भारतात तुम्ही कसं करता कोण जाणे, इथे आम्ही सगळं नीट पाळतो." शरोनला ते लागलं होतं. शिवाय तिचं हिब्रू वाचन अडखळतं. सेदेरला सगळे आळीपाळीने वाचतात, आपल्यावर पाळी आली तर? आणि आत्याचा जावई मोरोक्कन ज्यू घरातला. मोरोक्कोच्या बऱ्याच घरांत पेसाहला भात खात नाहीत. बेने इस्रायलींना भाताशिवाय पेसाह म्हणजे काय ते विचारायलाच नको.

आत्याच्या त्या बोलण्याबद्दल मी शरोनला वडिलांशी बोलायला सांगितलं. समुपदेशकाने एका बाजूचं ऐकून दुसऱ्या माणसाच्या मनात काय असेल ते सांगत बसू नये, असं माझं मत आहे. घरच्या माणसांना ते विचारता येतं. वडिलांनी जे सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. साठच्या दशकात इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने बेने इस्रायलींच्या लग्नांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला होता. म्हणजे तुम्ही ज्यू आहात हे आधी सिद्ध करा. लोक जेरुसलेमला धरण्याला बसले, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असा ठराव केला. आत्याचे वडील त्या धरण्यात होते. ज्या घराला एकदा हे सिद्ध करावं लागलं, ते घर 'नीट पाळतो' हे शब्द जरा जोरातच म्हणणार. याने आत्याचं वाक्य गोड झालं नाही. पण ते आपल्याला उद्देशून नव्हतं एवढं शरोनला पटलं.

यानंतरचं आमचं काम अगदी रूक्ष होतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. मुलं म्हणतात, "असं कसं विचारायचं, वाईट दिसेल." मला वाटतं, न विचारता गेलेला पाहुणा यजमानाला जास्त जड जातो. आम्ही दोघींनी मिळून प्रश्न काढले. सेदेरच्या दिवशी दुपारनंतर बस बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुरू होत नाहीत, तेव्हा कधीपर्यंत पोचू आणि किती रात्री राहू? झोपायची सोय कुठे? घरात सणाच्या दिवशी फोन वापरतात का? नसतील वापरत तर सूर्यास्ताआधी ठाण्याला फोन करायला हवा. ठाणं तेव्हा अडीच तास पुढे असतं, म्हणजे आई जेवायला बसायच्या वेळी. हल्ल्याच्या इशाऱ्याचा सायरन वाजला तर घरातली सुरक्षित खोली कुठली? कपडे कसे असावेत? बरोबर काय आणू?

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पेसाहला दुसऱ्याच्या घरी खाण्याची वस्तू न्यायची तर ती सणासाठी चालणारी आहे असा शिक्का तिच्यावर असावा लागतो. शरोनच्या कपाटात आईने जानेवारीत पाठवलेली बाकरवडी होती, आत्यासाठी म्हणून राखून ठेवलेली. बाकरवडीत मैदा. पेसाहच्या घरात ती दारातूनही आत जाणार नाही. शेवटी हॉस्टेलच्या मुलींनी सणाच्या आधी ती संपवली आणि आत्यासाठी शरोनने आजोबांच्या हगादातल्या त्या चित्राची मोठी प्रत काढून फ्रेम करून घेतली.

प्रश्न पाठवायच्या आधी तिने तेच चित्र आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. आत्याचा उलट आवाजी निरोप आला, चांगला लांबलचक, अर्धा मराठीत, अर्धा हिब्रूत. तिच्या आईकडेही असंच पुस्तक होतं, इथे येताना बोटीवर हरवलं वगैरे. त्यानंतर बसचं आणि झोपायचं विचारणं अवघड गेलं नाही. भाताचं आत्यानेच सांगितलं: दोन टेबलं असतात, भात आमच्या टेबलावर, जावई तिकडे बसतो, कुणी कुणाला बोलत नाही.

वाचनाच्या भीतीवर आम्ही वेगळा तोडगा काढला. लाज वाटणारं काम टाळता येत नसेल तर येणारं काम आधीच मागून घ्यावं. शरोनने आत्याला सांगितलं, "वाचायला मी एकच छोटा भाग घेईन, तो आधी सांगून ठेव. पण खजुराचा रस मी करते." आटवायला वेळ लागतो म्हणून सकाळीच पोचणं आलं, आणि भरल्या घरात कोपऱ्यात हात बांधून उभं राहायची वेळही टळली. पाहुण्याला स्वयंपाकघरात जागा मिळाली की अर्धं अवघडलेपण तिथेच जातं, हे मी दिवाळीला पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या मुलांच्या बाबतीतही पाहिलंय.

एक प्रश्न येणार याची तिला खात्री होती: "कायमची कधी येतेस इकडे?" स्थलांतर केलेल्या घरांत तो प्रेमानेच विचारतात, पण ऐकणाऱ्याला त्यात आई-वडिलांना सोडायचा सल्ला ऐकू येतो. अशा प्रश्नाला वाद घालणारं उत्तर देऊ नये आणि खोटं आश्वासनही देऊ नये. दोन-तीन वाक्यं घासूनपुसून तिने एक ठरवलं: "सध्या शिकतेय आत्या, बाबांशी बोलल्याशिवाय काही ठरवणार नाही." हे तिने माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. हसू येतं असं करताना, पण तोंडाला वळण लागतं.

वडिलांची चिंता निराळी होती. मुलीचं घर ठाण्यात, मग तिने आपल्यासारखे दोन सेदेर करायचे की तिथल्यासारखा एक? बाहेरून तात्पुरत्या आलेल्यांनी कुठला नियम पाळावा यावर रब्बींमध्येच मतभेद आहेत, आणि मी तर त्या परंपरेतली नाही. शरोनने ओळखीच्या रब्बींना विचारलं आणि त्यांनी सांगितलं ते केलं. काय सांगितलं ते मुद्दाम लिहीत नाही; दुसऱ्या मुलीला दुसरं उत्तर मिळू शकतं. धर्माचा प्रश्न समुपदेशकाने आपल्या खुर्चीवरून सोडवायला जाऊ नये.

सण कसा झाला? सेदेर मध्यरात्रीच्या पुढे गेला. सगळ्यात लहान मुलाने विचारायचे ते चार प्रश्न पाच वर्षांच्या नातवाने गाऊन म्हटले, शरोनने तिचा भाग अडखळत वाचला, कुणाचं फारसं लक्ष नव्हतं कारण तोपर्यंत सगळ्यांना भूक लागली होती. एलीयाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्यासाठी रिवाजाप्रमाणे दार उघडलं तेव्हा तिला आजोबांची फार आठवण आली आणि ती तसं आत्याला म्हणाली. 'कायमची कधी'चा प्रश्न पहिल्याच तासात आला. वाक्य कामी आलं. राजकारणावरून जावई आणि भाचा यांचं वाजलं, त्याच्याशी हिचा काही संबंध नव्हता. दुसरा दिवस मात्र तिला लांबच लांब वाटला. फोन नाही, बस नाही, सगळे झोपलेले. असं होईल हे आम्ही बोललो होतो, म्हणून तिने पुस्तक नेलं होतं. संध्याकाळनंतर पहिल्या बसने ती बेर शेव्हाला परतली. सणाचे मधले दिवस तिने मैत्रिणींबरोबर काढले आणि सण संपला त्या रात्री पुन्हा दिमोनाला गेली, कारण जावयाच्या आईकडे मिमुना होती. पेसाह संपताच मोरोक्कन घरं दारं उघडी टाकतात आणि येईल त्याला लोणी-मध लावलेली मुफलेता, म्हणजे तव्यावरची पातळ पोळी, खायला घालतात. तिथे तिला आत्याच्या घरापेक्षाही मोकळं वाटलं म्हणे. असं होतं कधीकधी; लांबच्या माणसांपुढे आपल्याला काही सिद्ध करायचं नसतं.

सगळ्याच मुलांना मी जा म्हणत नाही. ज्या घरात पूर्वी कुणी अंगचटीला आलं असेल, मुलीला अपमानास्पद बोललं असेल किंवा परत यायची सोय मुद्दाम अडवली जात असेल, तिथे सण असो वा काही असो, जायचं नाही, आणि पालकांनी 'काय म्हणतील' हे कारण पुढे करू नये. आणि मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, वर्गाला जात नसेल, खाणं सुटलं असेल तर तो सणाचा प्रश्न राहिलेला नाही. तिथल्या विद्यापीठाच्या किंवा कार्यक्रमाच्या समुपदेशकाकडे त्याने लगेच जावं. दूर ठाण्यात बसलेली मी तेव्हा पुरी पडणार नाही.

आईशी माझं नंतर एकदा बोलणं झालं. तिची तक्रार वेगळीच निघाली. अश्दोदमध्ये मुलीचे एक काका राहतात, त्यांच्याकडे ती गेलीच नाही. पेसाहच्या मधल्या दिवसांत तिकडेही जायचं असं आईने त्यांना परस्पर कबूल करून टाकलं होतं. नातेवाइकांना शब्द देताना मुलांना आधी विचारा, असं मी तिला म्हटलं, थोडं कडकच म्हटलं. शरोनने काकांना स्वतः फोन करून सांगितलं की या वेळी जमणार नाही, 1 मेला महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला नक्की भेटू. तिथली मराठी मंडळी तो दिवस साजरा करतात. ती भेटली, त्यांच्या शेजारी बसून बटाटेवडे खाल्ले. काका अजून थोडे फुगलेलेच आहेत.