‘निःशस्त्र’, ‘बिगरलढाऊ’ की ‘युद्धेतर’ कौशल्ये?

प्रश्न असा आहे: टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचे, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन फासे टाकत खेळायच्या खेळांचे, नियम मराठीत लिहिताना माग काढणे, कुलूप उघडणे, मन वळवणे, जखमेवर उपचार करणे अशा, पात्राला लढाईखेरीज उपयोगी पडणाऱ्या गोष्टींना एकत्रितपणे काय म्हणावे, आणि ‘निःशस्त्र कौशल्ये’ हा शब्द चालेल का?

तो चालणार नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच एका खेळाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या गोष्टींना ‘नॉनवेपन प्रोफिशिएन्सी’ असे नाव होते, कारण शस्त्रांमधील प्रावीण्य तेथे वेगळे मोजले जात असे; ‘निःशस्त्र’ हे त्याच नावाचे शब्दशः भाषांतर दिसते. परंतु मराठीत निःशस्त्र म्हणजे ज्याच्या हाती शस्त्र नाही असा. त्यामुळे ‘निःशस्त्र कौशल्य’ म्हणताच वाचकाच्या डोळ्यांपुढे कुस्ती किंवा ठोसेबाजी उभी राहते, म्हणजे जी वगळायची होती ती लढाईच.

‘बिगरलढाऊ’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ‘लढाऊ बाणा’, ‘लढाऊ विमान’ या प्रयोगांत ‘लढाऊ’ हे विशेषण त्या गोष्टीचा स्वभाव किंवा तिचे नेमलेले काम सांगते. ते नकारार्थी करून कौशल्याला लावले, की लढाईत त्याचा काहीच उपयोग नाही असे ध्वनित होते. आणि दबक्या पावलांनी सरकणे हे कौशल्य पहारा चुकवण्यास जितके उपयोगी, तितकेच अचानक हल्ला करण्यासही. ‘इतर’ जोडून होणारे शब्द केवळ वर्गवारी करतात. शिक्षकेतर कर्मचाऱ्याला शिकवता येत नाही, असे त्या शब्दात कोठेही म्हटलेले नसते! म्हणून नियमपुस्तिकेत मी ‘युद्धेतर कौशल्ये’ लिहीन. खेळताना बोलण्यात ‘लढाईबाहेरची कौशल्ये’ अधिक सहज वाटेल.

खरी काळजी नामाच्या निवडीत घ्यावी लागते. याच खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत बळ, चपळाई, बुद्धी असे सहा मूळ गुण आहेत, त्यांच्यावर आधारलेली १८ कौशल्ये आहेत, आणि ‘प्रोफिशिएन्सी’ ही त्यांहून निराळी संज्ञा आहे. माग काढण्याचा प्रयत्न कोणतेही पात्र करू शकते, पण ज्याने ते कौशल्य विशेष कमावले आहे त्याच्या फाशाच्या दानात जादा अंक मिळवले जातात. या कमाईला ‘प्रावीण्य’ म्हणावे, कारण ‘प्रवीण’ या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती ‘वीणावादनात श्रेष्ठ’ अशी असून त्यात दीर्घ सरावाची छटा आहे. ‘कौशल्य’ आणि ‘प्रावीण्य’ हे शब्द एरवी एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. नियमांत मात्र ती मोकळीक घेऊ नये, नाहीतर कोणते अंक कशासाठी मिळवायचे यावर खेळणाऱ्यांत वाद होतील.

‘कसब’ हा अरबीतून आलेला शब्द मला फार आवडतो. त्याचा मूळ अर्थ कमाई असल्यामुळे लोहारकाम किंवा सुतारकाम यांसारख्या उपजीविकेच्या कौशल्यांना तो शोभून दिसतो. ‘मन वळवण्याचे कसब’ही खपून जाईल, पण त्याच यादीत ‘इतिहासाचे कसब’ लिहिले तर ते कानाला खटकेल.