पहिलटकरणींचे प्रश्न: सिझर मागून घ्यावं का?

प्रश्न: मला सातवा महिना लागलाय. पहिलंच बाळंतपण, तपासण्या सगळ्या नीट आहेत. पण कळांच्या नुसत्या विचाराने झोप उडते. सरळ सिझर मागितलं तर?

मागायला हरकत नाही आणि मागितलंत म्हणून कुणी तुम्हाला भित्रं ठरवू नये. पण आधी एक सांगा, मुलं किती हवीत? एकच हवं असेल तर हिशेब वेगळा. दोन-तीन हवी असतील, तर गर्भपिशवीवरचा व्रण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात सोबत असतो. वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा भाग, त्या व्रणात रुतून बसण्याचा धोका दर सिझरनंतर वाढत जातो. तसं झालं तर रक्तस्राव इतका होऊ शकतो की कधीकधी गर्भपिशवीच काढावी लागते. पहिल्या खेपेला हे फार थोड्या जणींना सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी बाजूही खरी आहे. नॉर्मल बाळंतपणात टाके पडू शकतात, आणि पुढे लघवीवरचा ताबा सुटण्याची तक्रार सिझर झालेल्यांपेक्षा जास्त आढळते.

आता भीतीबद्दल. ती नेमकी कशाची आहे, हे डॉक्टरांपाशी मोकळेपणाने बोला. दुखण्याची असेल तर कळांमध्ये पाठीतून भूल देता येते, आणि तिच्यामुळे सिझरची शक्यता वाढत नाही. एकटं पडण्याची असेल, तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत विश्वासाचं माणूस शेजारी राहील अशी सोय आधीच करून घ्या. अशी सोबत असलेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण कमी दिसतं. एवढं करूनही सिझरच हवं वाटलं, तर ठामपणे सांगा. मात्र 39 आठवडे पूर्ण होऊ द्या. त्याआधी ठरवून सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न: हल्ली एवढी सिझर का होतात?

जगात आज साधारण पाचातलं एक बाळ सिझरने जन्मतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हा आकडा 21 टक्के सांगितला आणि 2030 पर्यंत तो 29 टक्क्यांवर जाईल असा अंदाज दिला. हौसेने मागणाऱ्या बायकांवर याचं खापर फोडतात, ते मला पटत नाही. पहिलं सिझर झालं की दुसरंही बहुधा तसंच होतं. पायाळू बाळ खालून काढण्याचा सराव 2000 नंतर झपाट्याने मोडला. आयांचं वय आणि वजनही वाढलंय. आणि घाई तर आहेच.

प्रश्न: कळा देऊन बारा तास झाले तरी पिशवीचं तोंड चारच सेंटिमीटर उघडलं, म्हणून सिझर केलं. माझंच काही चुकलं का?

नाही, अजिबात नाही. चार सेंटिमीटरपर्यंतचा काळ पहिलटकरणींमध्ये खूप लांबू शकतो. कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरनंतर धरावा, असं जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून सांगते. आई आणि बाळ ठीक असतील तर तोवर थांबता येतं. तुमच्या बाबतीत बाळाचे ठोके कमी झाले होते का, पाणी जाऊन किती वेळ झाला होता, हे मला माहीत नाही, म्हणून निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न: पहिलं सिझर, आता नॉर्मल होईल का?

बऱ्याच जणींचं होतं. प्रयत्न करणाऱ्या दर चार जणींपैकी सुमारे तिघींना जमतं. व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एकीला असतो, म्हणून लगेच ऑपरेशन करता येईल अशाच ठिकाणी प्रयत्न करा. मागच्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या. पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, हे त्यात लिहिलेलं असतं. उभा असेल तर पुन्हा सिझरच करावं लागतं.