वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धा इतकी मोठी कशी झाली?

पोकर या पैजा लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळातील या स्पर्धेचा आरंभ 1970 साली लास वेगासमधील बेनी बिनियन यांच्या हॉर्सशू कॅसिनोत झाला. त्या वर्षी जमलेल्या मोजक्या व्यावसायिक खेळाडूंनी चक्क मतदान करून जॉनी मॉस यांना विजेते ठरवले. मतदानाने ठरलेल्या विजेत्यात प्रेक्षकांना काय रस असणार? म्हणून 1971 पासून, सर्व चिप्स (पैजेसाठी पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) एकाच खेळाडूकडे जाईपर्यंत खेळण्याची पद्धत आली, आणि तेव्हाही मॉसच जिंकले. मुख्य स्पर्धेचे 10,000 डॉलरचे प्रवेशशुल्क 1972 पासून आजतागायत कायम आहे.

खरे वळण मात्र 2003 चे. टेनेसीतील ख्रिस मनीमेकर (हे त्यांचे खरे आडनाव) हे हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून शंभर डॉलरांपेक्षाही कमी खर्चात आले आणि 839 जणांतून 25 लाख डॉलर जिंकले. अंतिम लढतीत हाती राजापलीकडे काहीच जुळलेले नसताना त्यांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या, आणि नव्व्यांची जोडी, म्हणजे सरस पाने, हाती असलेल्या सॅम फार्हा यांनी बराच विचार करून पाने टाकून डाव सोडला. टीव्हीवर झाकलेली पाने प्रेक्षकांना दिसत असल्याने ही थाप घरोघरी पोहोचली. पुढच्याच वर्षी 2,576 खेळाडू आले, तर 2006 मध्ये 8,773.