आईच्या वाढदिवसाची भेट घरीच गुंडाळायची आहे, पण कोपऱ्यांवर कागद चुरगळतो. काय करावं?

कागद मापून कापा, कारण कोपरे बिघडतात ते बहुतेक वेळा कागद जास्त घेतल्यामुळे. टोकाला उरलेल्या कागदाचे थर साचतात आणि घडी फुगते. खोका 20 सेंमी लांब, 15 रुंद आणि 6 उंच आहे असं धरा. खोक्याभोवती फिरणारी बाजू म्हणजे रुंदी आणि उंचीच्या बेरजेची दुप्पट, अधिक जोडासाठी 3 सेंमी, म्हणजे 45. दुसरी बाजू लांबीइतकी, अधिक दोन्ही टोकांना उंचीच्या पाऊणपट, म्हणजे 29. खोका कागदावर उलटा ठेवा, म्हणजे जोड तळाशी जाईल. कागद ताणून धरा आणि प्रत्येक कडेवरून चिमटीत धरून बोट फिरवा; सगळी सफाई खरं तर याच एका कृतीत आहे, घाईत नेमकी तीच राहून जाते. टोकाला आधी बाजूचे भाग आत दाबा, मग वरचा, शेवटी खालचा. चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी चिकटणारी घ्या, ती बाहेरून दिसत नाही. कागद मध्यम जाडीचा हवा: फार पातळ असेल तर कोपऱ्याला फाटतो, जाड असेल तर घडी उलगडत राहते. साधा एकरंगी कागद आणि आईच्या आवडत्या रंगाची सॅटिनची रिबन मला चकचकीत छापील कागदापेक्षा जास्त सुंदर वाटते.

हे माप फक्त चौकोनी वस्तूंना लागू पडतं. गोल किंवा मऊ वस्तू आधी खोक्यात ठेवा, नाहीतर सरळ चौकोनी कापडात बांधून वर गाठ मारा.