रूममेट म्हणतो, 'मी नसलो तरी काय फरक पडणारे'

प्रश्न: ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, हॉस्टेलला राहतो. रिझल्टमध्ये बॅकलॉग लागल्यापासून रूममेट लेक्चरला नाही, मेसला नाही, रात्रभर जागा आणि दिवसभर पडून, महिना होत आला. ग्रुपमधले म्हणतात नाटकं करतोय, रील्स बघून डिप्रेशन डिप्रेशन करतो. परवा म्हणाला 'मी नसलो तरी कुणाला काय फरक पडणारे'. विषय काढला तर उलट त्याच्या डोक्यात नको ते येईल का? सायकॅट्रिस्टचं नाव काढलं की म्हणतो गोळ्यांची सवय लागते आणि कॉलेजला कळेल. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: अरे, आधी त्या परवाच्या वाक्याचं बघू, बाकीचं नंतर. आजच, दोघंच असताना सरळ विचार, 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?' विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. हो म्हणाला आणि कसं, कधी तेही ठरलेलं दिसलं तर त्याला एकटं सोडू नकोस, रेक्टरना उठव, घरी फोन लाव आणि सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ने. 'कुणाला सांगू नको' अशी शपथ घातली असेल तर ती मोडायची, रागावू दे. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर सेव्ह करून ठेव, सरकारी आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि मित्रासाठी काय करू हे विचारायला तू स्वतःही लावू शकतोस.

आता ग्रुपचं. नाटक करणाऱ्याला प्रेक्षक लागतात रे, हा तर दार लावून पडलाय! डिप्रेशन आहे की नाही ते तू, मी किंवा रील्सवाल्यांनी ठरवायचं नसतं, पण दोन आठवड्यांच्या वर रोज उदास किंवा कशातच मन नाही, झोप-जेवण बिघडलंय, रोजची कामं अडलीयत, एवढं दिसलं की डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे.

गोळ्यांचं म्हणशील तर डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, सवय लागू शकते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, म्हणून कुणाच्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून काही आणू नका. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि पोरं आठव्या दिवशी 'काय उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. मनानेच एकदम बंद तर अजिबात करायच्या नाहीत.

कॉलेजला कळण्याचं म्हणशील तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लागते, जीवाला धोका वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. पैशाची अडचण असेल तर ससूनला, म्हणजे पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलला, मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथे 'तू जा' म्हणू नकोस, केसपेपरच्या लायनीत तूच उभा राहा, त्याला बाकावर बसव.